चुलत दिराला शाडू शिकवू की नको?

पेणजवळच्या एका गावातून गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा गोषवारा असा:

"वय ४१. सासरचा पीओपीचा (प्लास्टर ऑफ पॅरिसचा) छोटा कारखाना होता, तो नऊ वर्षांपूर्वी मी आणि मिस्टरांनी शाडूच्या मातीकडे वळवला. पहिल्या हंगामात २०० मूर्ती काढल्या, त्यातल्या ७० तडकल्या. दुसऱ्या वर्षी ४५ गेल्या, तिसऱ्या वर्षी ३०. आता वर्षाला ७०० करतो आणि शंभरात दोन-तीनच जातात. फुटाची मूर्ती कारखान्यावर हजार रुपयांना देतो, खर्च चारशेच्या आसपास येतो. गेल्या हंगामात वाळवायला जागा नाही म्हणून दीडेकशे ऑर्डरी परत केल्या. आता आळीतले चार पीओपीवाले शाडू शिकव म्हणून मागे लागलेत. त्यात एक माझे चुलत दीर आहेत. हेच भाऊजी आमच्या तडकलेल्या मूर्ती दाखवायला माणसं घेऊन यायचे. मिस्टर म्हणतात, अजिबात शिकवायचं नाही, उद्या हेच सातशेला मूर्ती विकतील. सासूबाई म्हणतात, विद्या दिल्याने वाढते, आणि घरच्यांना नाही म्हणू नये. मला दोघांचंही पटतं आणि पटतही नाही. शिकवू का? आणि शिकवलं तर भाऊजींकडून पैसे घ्यायचे का?"

ताई,

मिस्टरांचं आणि सासूबाईंचं म्हणणं परस्परविरुद्ध दिसतं, पण दोघांनी एक गोष्ट सारखीच धरून चालली आहे. तुमच्याकडे 'शाडूची विद्या' नावाची एक पेटी आहे आणि ती एकतर उघडायची, नाहीतर कुलपात ठेवायची, असं दोघांनाही वाटतं. कारागिरीत अशी पेटी नसते. काही गोष्टी आधीच उघड्यावर पडलेल्या असतात, काही सांगूनही समोरच्याला घेता येत नाहीत, आणि थोड्या खरंच द्यायच्या नसतात. या तिन्ही वेगळ्या काढून पाहू.

माती गुजरातेतून, भावनगरकडून येते हे तुमच्या आळीत कुणाला ठाऊक नाही? ती चाळायची, दोन दिवस भिजवायची, कागदाचा लगदा किंवा कापूस घालून मळायची, साच्यावर शंखजिऱ्याच्या पुडीची पुरचुंडी आपटायची, मूर्ती सावलीत वाळवायची. एवढं मोबाइलवर कुठल्याही व्हिडिओत सापडतं. शिवाय सातशे मूर्ती दोघांच्या हातून होत नाहीत, मळायला आणि फिनिशिंगला तुमच्याकडे बायका येत असणारच. त्या रोज संध्याकाळी तुमची विद्या घेऊनच घरी जातात. भाऊजींनी उद्या त्यांना दिवसाला पन्नास रुपये जास्त देऊ केले, तर भाऊजींना तुमच्याकडे विचारायला यायची गरजही उरणार नाही. गुपित जपायचंच ठरलं, तर पहिला खर्च त्या बायकांच्या मजुरीवर करावा लागेल. याचा विचार पत्रात कुठे दिसला नाही.

आता दुसरा भाग, सांगूनही न जाणारा. तुम्हाला यातलं सगळं पाठ आहे, पण शिकवताना काय जिभेवर येतं आणि काय हातातच राहतं हे कळावं, आणि तुमच्यासारख्याच पेचात असलेल्या इतर वाचकांनाही उपयोग व्हावा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चौघे पीओपीत मुरलेले आहेत आणि नेमकं तेच त्यांना नडणार आहे. पीओपी पाणी धरून घट्ट होतं, होताना किंचित फुगतं आणि अर्ध्या तासात साच्याबाहेर येतं. शाडूचं सगळं उलटं. ती पाणी सोडून घट्ट होते आणि सोडताना आकसते. बारा इंची साच्यातली मूर्ती वाळल्यावर अर्धा-पाऊण इंच कमी भरते. सगळीकडून सारखी आकसली तर काही होत नाही. पण पातळ भाग आधी वाळला आणि जाड भाग मागे राहिला, की दोघांच्या सीमेवर ओढाताण सुरू होते आणि तिथेच फाटतं. तुमच्या पहिल्या सत्तरांपैकी बहुतेक मूर्ती मानेला, खांद्याला, सोंड पोटाला टेकते तिथे किंवा बैठकीच्या कडेला गेल्या असणार.

खांदाच घ्या. पीओपीवाल्याची सवय अशी की हात डझनाने आधी ओतून ठेवायचे आणि लागतील तसे ओल्या पीओपीने चिकटवायचे. तेच त्याने मातीत केलं, तर कालचा हात आकसून झालेला असतो आणि आजच्या धडाला अजून आकसायचं असतं. तिसऱ्या दिवशी सांध्याभोवती बांगडीसारखा तडा दिसतो. मग तो म्हणतो, माती खराब आली. खरं तर हात आणि धड सारख्या ओलीचे असताना जोडायचे असतात. दोन्ही तोंडं कोरणीने खरवडायची, दह्याइतकी दाट माती लावायची, हात किंचित पिळत दाबायचा म्हणजे जादा माती बाहेर येते आणि आतली हवाही निघते. मग सांधा ओल्या फडक्यात किंवा प्लॅस्टिकमध्ये एक रात्र गुंडाळून ठेवायचा. त्यात आणखी एक सवय आड येते, लोखंडी तारेची. पीओपीत तारेने हात मजबूत होतो. मातीत तार आकसत नाही, माती तिच्याभोवती आवळत जाते आणि मनगटापासून कोपरापर्यंत उभी चीर पडते. आधार हवाच असेल तर काथ्याचे दोन-चार धागे पुरतात.

हे वाचून कळायला दोन मिनिटं लागली. हात आणि धड 'सारख्या ओलीचे' आहेत हे बोटाला कळायला मात्र एक अख्खा हंगाम जातो, आणि तो हंगाम तुम्ही कुणाला देऊ शकत नाही.

बैठकीचंही तसंच. ओली मूर्ती थेट फळीवर ठेवली की तळ लाकडाला धरून बसतो. वरची मूर्ती आकसते, तळाला आकसता येत नाही, आणि कडेपासून तडा वर चढतो. खाली वर्तमानपत्राची घडी किंवा बारीक वाळूचा थर असला की तळ सरकू शकतो. तळ आतून पोकळ आणि उघडा हवा, फळ्यांमध्ये फटी हव्यात, म्हणजे पोटातली ओल खालून निघते. पहिले दोन दिवस मूर्ती झाकून ठेवायची, कारण जाड-पातळ भागांची ओल आधी सारखी व्हायला हवी. नंतर सावलीत उघडी ठेवायची, पण पंखा लावायचा नाही. घाईने पंखा लावणारे हमखास सोंड गमावतात.

आणि वाळली हे कसं ओळखायचं? वरून पांढरी पडली म्हणजे वाळली, असं नवख्याला वाटतं. मूर्ती गालाला लावून बघायची. गार लागली तर आत ओल आहे. याहून खात्रीचा उपाय म्हणजे काटा: रोज एकाच वेळी एक मूर्ती वजन करायची आणि दोन दिवस आकडा हलला नाही की रंगाला घ्यायची. ओल्या मूर्तीवर रंग चढवला तर पावसाळ्यात आतून पांढरट लोणा फुटतो, रंगाचे पोपडे निघतात, बुरशीही धरते. तडा बुजवतानाही चूक ठरलेलीच. वाळलेल्या अंगात ओली माती भरली की ती एकटीच आकसते आणि दुसऱ्या दिवशी खपलीसारखी निघून येते. तिथे वाळलेल्या मातीची वस्त्रगाळ पूड, थोडा लगदा आणि डिंकाचं पाणी, एवढंच घट्ट कालवून दाबायचं.

साच्यांची अडचण मात्र तुमच्या हातात नाही आणि तीच सगळ्यात महाग आहे. भाऊजींकडे रबरी साचे असतील. त्यांत पीओपीच्या कडक मूर्तीवरून रबर सोलून काढता येतं. कच्च्या मातीवरून सोलायला गेलं तर मूर्तीचा आकारच बिघडतो. शिवाय रबर पाणी पीत नाही, म्हणून माती आत ओलीच राहते. शाडूला प्लास्टरचा, तुकड्यातुकड्यांचा साचा सोयीचा, कारण तो मातीतलं पाणी ओढून घेतो आणि मूर्ती आपोआप सुटते. (ज्या पीओपीपासून सुटका करून घ्यायची, त्याचाच साचा शाडूला सगळ्यात मानवतो, ही या धंद्यातली गंमत.) म्हणजे चौघांना साचे नव्याने करावे लागणार. हा खर्च ऐकला की चारांतले दोन तर आपणहून मागे सरतील.

आता मिस्टरांच्या भीतीकडे येऊ. ती पोकळ नाही. तुमचा खर्च मूर्तीमागे चारशे धरला आणि नवशिक्याच्या शंभरात तीस फुटल्या, तर उरलेल्या प्रत्येक मूर्तीचा त्याचा खरा खर्च ५७१ रुपये पडतो. तुम्ही शिकवून त्याची फूट शंभरात तीनवर आणली की तोच खर्च ४१२ वर येतो. म्हणजे दर पाडायला त्याला दीडशेच्या वर रुपयांची जागा तुम्हीच करून दिली. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण मिस्टरांनी फळीचा हिशेब केलेला दिसत नाही. एका फळीवर वीस मूर्ती बसतात असं धरा. पीओपीची मूर्ती चारेक दिवसांत रंगाला जाते, शाडूची पंधरा दिवस हलत नाही. तीन महिन्यांत त्या फळीवरून पीओपीच्या ४५० मूर्ती जातील, शाडूच्या १२०. पीओपीत मूर्तीमागे शंभर रुपये सुटतात असं धरलं, तर फळीला ४५,००० मिळाले. शाडू उत्तम जमली, १२० तल्या ११६ हाती लागल्या आणि त्या सातशेने विकल्या, तर ८१,२०० मधून ४८,००० खर्च वजा जाऊन ३३,२०० उरतात. पीओपीपेक्षाही कमी! त्याच मूर्ती हजाराने गेल्या तर ६८,००० सुटतात. शंभरात तीस फोडणारा सातशेने विकत असेल, तर त्याला फळीमागे जेमतेम १०,८०० मिळतील.

सातशेचा दर लावणारा माणूस तुमच्यापेक्षा हुशार कारागीर असेलच असं नाही, त्याने फळी मोजलेली नाही एवढंच. म्हणून शिकवायचं ठरलं तर हिशेबाआधी मातीला हात लावू नका. हा हिशेब कागदावर मांडा, आकडे तुमचे स्वतःचे घाला आणि चौघांना त्यांच्या फळ्या मोजायला लावा. माती शिकून दर न शिकलेला शेजारी तुम्हाला खरंच महागात पडेल.

यात एक खोच आहे. पीओपीच्या ऑर्डरी आटल्या आणि फळ्या रिकाम्या राहू लागल्या, तर ३३,२०० सुद्धा भाऊजींना गोड लागतील. पीओपीच्या मूर्तींना मनाई करणाऱ्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या १२ मे २०२० च्या मार्गदर्शक सूचनांपासून हा सगळा खो-खो चालू आहे. मुंबई उच्च न्यायालयात २०२५ च्या जूनमध्ये पीओपीच्या मूर्ती बनवायला मोकळीक मिळाली, पण जुलैत, मार्च २०२६ पर्यंतच्या सणांपुरतं, सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्तींचं विसर्जन कृत्रिम तलावातच करायचं ठरलं. घरगुती गिऱ्हाईक यामुळे शाडूकडे झुकतं आहे. नियमांत फेरफार होतच राहणार. तुमच्याकडे आलेल्या चौघांतले कोण शाडूसाठी आलेत आणि कोण फक्त नियमाच्या धाकाने, हे फी सांगितल्यावर पाच मिनिटांत कळेल.

न शिकवण्याचाही एक तोटा आहे आणि तो पत्रात आलेला नाही. ते चौघे तुमच्याशिवायही शाडू करणारच आहेत. अर्धवट वाळलेली मूर्ती चतुर्थीच्या आदल्या रात्री कुणाच्या तरी घरात सोंड टाकते. भंगलेली मूर्ती पुजत नाहीत, मग रात्री दहाला दुसरी मूर्ती शोधत घरचे वणवण फिरतात. ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी "अमक्याची मूर्ती नको" असं म्हणत नाही, "शाडू नको रे बाबा" म्हणतं. त्या वाक्यात तुमची मूर्तीही आली. त्याहून वाईट म्हणजे पीओपीत थोडी माती कालवून 'शाडूची' म्हणून विकणं. यावर बादली हा साधा उपाय आहे. प्रत्येक घाण्यातली एक न रंगवलेली लहान मूर्ती पाण्यात टाकायची. शाडू काही तासांत, फार तर रातोरात गाळ होते. सकाळी आकार शाबूत असेल तर काय ते समजा. शिकणाऱ्यांना ही परीक्षा मान्य नसेल तर शिकवू नका.

पेणचा धंदा वाढला तोही विद्या हातोहात पसरूनच. पेणच्या कारखान्यांत शिकलेली माणसं आपापल्या गावी गेली आणि हमरापूर, जोहे, कळवे ही गावं उभी राहिली. मुंबई-पुण्याचा व्यापारी एका कारखान्यासाठी टेम्पो घेऊन येत नाही, शंभर कारखाने आहेत म्हणून येतो. पण हे तुमच्या सासूबाईंच्या बाजूचं आहे म्हणून लगेच हो म्हणू नका. त्या वेळी शिकणाऱ्यांनी कारखान्यात वर्षानुवर्षं राबून फी फेडलेली असे. तुमच्या भाऊजींना विद्या चार दिवसांत, चहासोबत हवी आहे.

मग करायचं काय? साफ नकार देण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि नकाराला कारण द्यावंच लागतं असंही नाही. "भाऊजी, हंगामात मला उसंत नसते आणि हंगामाबाहेर मी शिकवण्या घेत नाही," एवढं पुरे. ज्यांची आधीपासूनच भावकीत तेढ आहे किंवा ज्यांनी कुणा गुरूला न शिकवण्याचा शब्द दिला आहे, त्यांनी हाच मार्ग धरावा.

तुमच्या बाबतीत मात्र त्या परत केलेल्या दीडशे ऑर्डरींवर बोट ठेवावंसं वाटतं. तुमची अडचण जागेची आहे आणि चौघांकडे जागा आहे. कच्ची मूर्ती, म्हणजे न रंगवलेली, तुमच्या तालुक्यातून सगळीकडे जाते, तेव्हा हा व्यवहार कुणाला नवा नाही. चौघांतले दोघेच निवडा. मळलेली माती तुमच्या कारखान्यातून किमतीला द्या, साचे त्यांनी करावेत, आणि वाळलेली, तडा नसलेली कच्ची मूर्ती तुम्ही ५५० ला घ्या. तडकलेली त्यांची. रंग आणि डोळ्यांच्या आखणीचे १२० धरले तरी हजारातून तुम्हाला ३३० सुटतात, दीडशे मूर्तींचे ४९,५०० झाले. हे पैसे गेल्या वर्षी तुम्ही दारातून परत पाठवले होते. एक सावधगिरी: दीडशे मूर्तींची जादा आखणी श्रावणात कोण करणार, ते आधी बघा. आखणीचा माणूस नसेल तर पन्नासच घ्या.

यात शिकवणं आलंच, पण त्याला माप राहतं. त्यांची मूर्ती तडकली तर त्यांचं नुकसान, नीट वाळली तर तुमचंही भलं. वर्षभरात कुणाचा हात चालतो, कोण बादलीला कचरतो, कोण तुमच्या गिऱ्हाइकाला परस्पर गाठतो, हे सगळं दिसेल. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःचा शाडूचा माल काढला तर काढू द्या.

थेट शिकवणीच घ्यायची असेल तर सलग चार दिवस नकोत, कारण मातीला वेळ लागतो. पहिला दिवस हिशेब आणि माती. आठ-दहा भाग मातीला एक भाग लगदा, त्याहून जास्त घातला की पृष्ठभागावर लव राहते आणि ब्रश अडकतो, हे त्यांनी स्वतः करून पाहू दे. तीन दिवसांनी साचा, भिंतीची जाडी आणि सांधे. पंधराव्या दिवशी गाल, काटा आणि तडे बुजवणं. विसाव्या दिवशी रंग. माघी गणपतीनंतरचा काळ सोयीचा, पण तो फसवाही असतो. मार्चच्या कोरड्या वाऱ्यात मूर्ती भराभर वाळते आणि वेगामुळे तडकते. जुलैत ती वाळतच नाही. मार्चमध्ये शिकून गेलेला माणूस पावसाळ्यात हमखास ओल्या मूर्तीला रंग लावतो. म्हणून पाचवी बैठक जुलैत, तासाभराची का होईना, ठेवाच.

फीचं म्हणाल, तर पहिल्या तीन हंगामांत तुमच्या १४५ मूर्ती फुटल्या. चारशेच्या हिशेबाने ५८,००० रुपये. ही तुम्ही भरलेली फी. शिकणाऱ्याने पहिल्या वर्षी ३०० मूर्ती काढल्या आणि शंभरात तीस फोडल्या तर त्याचे ३६,००० बुडतात. त्यापुढे माणशी आठ हजार मागितले तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. आगाऊ घ्या. ज्यांना तेही जड जातात त्यांना पीएम विश्वकर्मा योजनेची वाट दाखवा. तिच्या १८ व्यवसायांत मूर्तिकार आणि कुंभार दोन्ही आहेत, ५ ते ७ दिवसांच्या प्रशिक्षणाला रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात. शाडूच्या तड्यांचं बारीक ज्ञान तिथे मिळेलच असं नाही, पण अवजारांना हातभार लागेल.

कागद करायला हरकत नाही, फक्त त्यात "तीन वर्षं या गावात शाडूचा धंदा करणार नाही" असलं काही घालू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे धंद्याला मज्जाव करणारा करार टिकत नाही. त्याऐवजी फी किती, काय शिकवणार, तुमच्या कारखान्याचं नाव वापरायचं नाही, बादलीची परीक्षा मान्य, एवढं लिहा.

आणि न द्यायच्या गोष्टी दोनच. तुमची मूळ मॉडेलं कारखान्याबाहेर जाऊ देऊ नका. एका रात्रीत त्यावरून साचा काढता येतो, म्हणून शिकवताना बाजारातली जुनी साधी मूर्ती वापरा. दुसरी गिऱ्हाइकांची वही. ती शिकवणीच्या दिवशी टेबलावर नको. डोळ्यांच्या आखणीची काळजी करू नका, ती मागूनही देता येत नाही.

एक विचारू का? पत्रात दराची भीती तुम्ही मिस्टरांच्या तोंडी घातली आहे. तुमचं स्वतःचं वाक्य आहे ते भाऊजी माणसं घेऊन तडकलेल्या मूर्ती दाखवायचे, हे. कदाचित तुमचा हात अडतो आहे तो तिथे. तसं असेल तर ते निराळं देणं आहे, ते फीच्या आकड्यात मिसळू नका. जास्त फी लावून ते फिटत नाही आणि फुकट शिकवून मोठेपणाही मिळत नाही. एकदा समोर बसवून "तेव्हा फार लागलं होतं, भाऊजी" एवढं म्हणता आलं तर म्हणा. नाही म्हणता आलं, तर त्या दोघांत भाऊजींना घेऊ नका. घरचा माणूस वगळला म्हणून सासूबाई चार दिवस बोलतील.

राहिला पैशांचा प्रश्न. भाऊजींकडून घ्या, इतरांइतकेच. सवलत द्यावीशी वाटली तर रकमेत देऊ नका, कामात बदलून घ्या. त्यांच्याकडचा आखणीचा चांगला माणूस श्रावणात आठ दिवस तुमच्याकडे बसला, तर आठ हजार फिटले असं धरा. दिवस आधी ठरवून कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण श्रावणात त्यांनाही तो माणूस लागणार आहे.